नोटीसबोर्डावरचा सम्राट

गेल्या विजयादशमीला आमच्या वस्तीत भाषण झालं. वक्ते चांगले होते, आवाज खणखणीत. कलिंगच्या रणांगणावर अशोक उभा आहे, पायाशी प्रेतांचा खच, तो तलवार फेकून देतो आणि तिथल्या तिथं बुद्धाला शरण जातो, असं त्यांनी डोळ्यांपुढं उभं केलं. टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या. मग प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा उठलो आणि म्हणालो, साहेब, तलवार फेकली हे कोणत्या दगडावर लिहिलंय?

वक्ते म्हणाले, हा इतिहास आहे. मागून एक कार्यकर्ता ओरडला, "तू आपला हायेस का त्यांचा?"

त्याला तिथं उत्तर देता आलं नाही. इथं देतो. आपलाच आहे, म्हणून विचारलं.

दोस्तांनो, मी इतिहासाचा पदवीधर नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर, वाचनालयातनं आणून, डोळ्यांत कापूस असताना. चूक असेल तर दाखवा, मान्य करीन. पण ती तलवार मला कुठं सापडली नाही. शिलालेखात नाही, सिंहली ग्रंथांत नाही, संस्कृत अशोकावदानात नाही. गंमत बघा. महावंसात आणि अशोकावदानात अशोक बुद्धाकडं कसा वळला याच्या कथा आहेत, पण त्या कथांत कलिंगचं युद्धच नाही. महावंसात निग्रोध नावाच्या कोवळ्या सामणेराला बघून राजाचं मन वळतं. अशोकावदानात राजानं बांधलेल्या नरकासारख्या तुरुंगात समुद्र नावाचा भिक्खू सापडतो आणि त्याच्यामुळं राजा बदलतो. कलिंग आहे ते फक्त दगडावर. तिथं युद्ध आहे, पश्चात्ताप आहे, पण रणांगणावरचा तो क्षण नाही. म्हंजे एका ठिकाणी युद्ध आहे तर क्षण नाही, आणि दुसरीकडं क्षण आहे तर युद्ध नाही. कुणीतरी दोन टोकं धरून गाठ मारली, शाळेच्या पुस्तकानं ती घट्ट केली, २००१ च्या हिंदी सिनेमानं तिला रंग दिला. आमच्या खात्यात दिवसभर हेच चालतं. धागा तुटला की जोडायचा. जोड कितीबी चांगला असू द्या, बोटाला लागतोच. इतिहास वाचताना आपली बोटं कुठं जातात?

अशोक सापडला तोच मुळी तुकड्यांत. पुराणांनी त्याला राजांच्या यादीतलं एक नाव करून ठेवलं होतं. त्याची लिपी वाचणारं कुणी उरलं नव्हतं. चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशहा तुघलकानं टोपऱ्याचा स्तंभ दिल्लीला आणला, तेव्हा पंडितांना बोलावलं. वाचता कुणालाच येईना. तरी काहींनी सांगितलं म्हणे, की फिरोज नावाचा सुलतान येईल तोवर हा खांब कुणाला हलवता येणार नाही, असं यावर लिहिलंय! अफीफ नावाच्या इतिहासकारानं हे नोंदवून ठेवलं आहे. अक्षर येत नाही, पण मालकाला काय ऐकायचंय ते येतं. असले वाचक तेव्हाही होते.

मग १८३७ साली जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी लिपी उलगडली. दगडावर नाव निघालं 'देवानंपिय पियदसि'. हा कोण? प्रिन्सेपला आधी वाटलं, सिलोनचा राजा असेल. सिलोनमध्येच काम करणाऱ्या टर्नरनं पाली ग्रंथातून दाखवलं, की पियदस्सि म्हंजे चंद्रगुप्ताचा नातू अशोक. पण दगडावर 'असोक' ही अक्षरं हाती लागायला १९१५ साल उजाडलं. रायचूर जिल्ह्यात मस्कीला, सोन्याच्या खाणीच्या कामातल्या एका इंजिनिअरला तो लेख सापडला. अठ्ठ्याहत्तर वर्षं इतिहासकार एका अंदाजावर उभे होते. अंदाज बरोबर निघाला. सगळेच निघत नाहीत.

काळ कसा ठरला तेही ऐकण्यासारखं आहे. तेराव्या शिलालेखात अशोक पाच यवन राजांची नावं घेतो : अंतियोक, तुरमाय, अंतेकिन, मग, अलिकसुंदर. हे पाचही एकाच वेळी गादीवर कधी होते ते ग्रीकांच्या इतिहासातून काढलं, आणि तिथून मागं मोजत अशोकाचा अभिषेक इ. स. पूर्व २६८ च्या सुमारास, कलिंगचं युद्ध त्यानंतर आठ वर्षं झाल्यावर, असा हिशोब लावला. परक्या देशांच्या घड्याळावर आपल्या राजाची वेळ लावलेली आहे. 'सुमारास' हा शब्द प्रामाणिक इतिहासकार खोडत नाही. आपण मात्र चैत्र शुद्ध अष्टमीला जयंती करतो. अशोकाची जन्मतारीख एकाही शिलालेखात नाही. चेहरासुद्धा नाही. कर्नाटकात सन्नतीजवळ कनगनहळ्ळीच्या स्तूपात 'राया असोको' असं नाव कोरलेलं शिल्प १९९० नंतरच्या उत्खननात निघालं, तेही त्याच्या मृत्यूनंतर कित्येक पिढ्यांनी घडवलेलं. घडवणाऱ्यानं अशोक पाहिला नव्हता. भिंतीवरच्या आपल्या फोटोच्या चित्रकारानंही नाही.

आता मुख्य गोष्ट. अशोकाबद्दल जे काही पक्कं आहे ते बहुतेक त्यानं स्वतःच लिहवून घेतलंय. हे शिलालेख म्हंजे काय? राजाच्या नोटिसा. आमच्या गिरणीच्या दरवाज्यावर बोर्ड आहे. त्यावर लिहिलंय, कामगार हे आमचं कुटुंब आहे. दोन हजार वर्षांनी गिरणी मातीखाली जाईल, हजेरीबुक सडेल, पगाराच्या चिठ्ठ्या सडतील, आमच्या कविता तर कधीच सडल्या असतील. आणि तो पत्र्याचा बोर्ड तेवढा सापडेल. तेव्हाचा विद्वान लिहील, अहो काय प्रेमळ मालक होता!

पण थांबा. नोटीस उलटी वाचायची युक्ती कामगाराला माहीत असते. 'खात्यात विडी ओढू नये' असं लिहिलंय म्हंजे लोक ओढतात. हीच युक्ती अशोकाला लावून बघा, मग दगड बोलायला लागतो. धौलीच्या वेगळ्या लेखात तो तोसलीच्या अधिकाऱ्यांना बजावतो, की कुणाला विनाकारण कोंडू नका, छळू नका. मत्सर, राग, आळस सोडा. म्हंजे विनाकारण कोंडणं चालू होतं, आणि राजाला ते माहीत होतं. पहिल्या लेखात म्हणतो, पूर्वी माझ्या मुदपाकखान्यात रोज लाखो प्राणी मारले जायचे, आता दोन मोर आणि एक हरीण, हरीणसुद्धा नेहमी नाही, पुढं हेही बंद होईल. लाख हा आकडा राजाच्या तोंडचा आहे, तो मोजून घेऊ नका. पण 'हरीणसुद्धा नेहमी नाही' हे मला खरं वाटतं. खोटं बोलणारा एवढा बारीक हिशोब देत नाही. मोर काही सुटला नव्हता, आणि हे त्यानं लपवलं नाही.

कलिंगचा तेरावा लेख याच नजरेनं वाचा. दीड लाख माणसं हलवली, एक लाख मारली, त्याच्या कितीतरी पट मेली. जगातल्या कोणत्या राजानं स्वतःच्या विजयाचा असा हिशोब दगडावर खोदला? याबद्दल मी अशोकापुढं मान लववतो, आणि मुद्दाम सांगतो, की इथं नोटीस नोटिशीपेक्षा मोठी होते. पण तोच लेख पुढं वाचत जा. जंगलातल्या लोकांना, अटवींना, तो समजावतो आणि सांगतो, की मला पश्चात्ताप झाला असला तरी माझ्यात ताकद आहे हे ध्यानात ठेवा. वागणूक सुधारा, नाहीतर मारले जाल. पश्चात्ताप आणि धमकी एकाच दगडावर. आपल्या भाषणांत पश्चात्ताप येतो, जंगलवाले येत नाहीत. का येत नाहीत? जंगलवाले आज कोण आहेत ते आपल्याला माहीत नाही का?

आणखी एक. हा तेरावा लेख कलिंगमध्येच नाही. गिरनार, कालसी, शाहबाजगढी असा लांबलांब कोरला, पण ओरिसात धौली आणि जौगड इथं अकरावा, बारावा आणि तेरावा हे तीन लेख गाळले आणि त्यांच्या जागी अधिकाऱ्यांसाठीचे दोन वेगळे लेख घातले. ज्यांची माणसं मेली त्यांना राजाचं दुःख वाचायला मिळालं नाही. जखमेवर मीठ नको म्हणून? का बंड होईल म्हणून? इतिहासकार दोन्ही सांगतात. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे, पण ते मत आहे, पुरावा नाही. हा फरक लेखात दिसला पाहिजे, एवढंच माझं भांडण आहे.

आणि ती दीड लाख माणसं कुठं नेली? काही इतिहासकार म्हणतात, पडीक जमीन फोडायला, नव्या वसाहती बसवायला. अर्थशास्त्रात परमुलखातली माणसं आणून गावं वसवावीत, त्यात शूद्र शेतकरी जास्त असावेत, असं लिहिलेलं आहे, त्यावरून हा अंदाज. तो मला पटण्यासारखा वाटतो. पण अर्थशास्त्र हा ग्रंथ आज दिसतो तसा अशोकाच्या काळचा नाही, त्यात नंतरची भर आहे, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हंजे पुन्हा गाठच.

धम्माकडं तो वळला कसा? तलवारीच्या एका फेकीत नाही. छोट्या शिलालेखात स्वतः सांगतो, की अडीच वर्षांहून जास्त काळ मी उपासक आहे. पहिलं एक वर्ष मी फारसा झटलो नाही. मग वर्षाहून जास्त काळ संघाजवळ गेलो तेव्हा झटू लागलो. आठव्या लेखात सांगतो, की अभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हंजे बोधगयेला गेलो. दमानं, अडखळत, आळस करत गेलेला माणूस आहे हा. मला हा अशोक सिनेमातल्या अशोकापेक्षा जवळचा वाटतो. आपल्या घराघरांत हेच झालं नाही का? देव्हारा एका दिवसात उतरला, पण मनातला उतरायला आईला किती वर्षं लागली ते मी पाहिलंय.

इथं कुणीतरी उठून म्हणेल, मग विजयादशमीचं काय? अशोकानं त्या दिवशी धम्म घेतला असं कोणत्याही शिलालेखात नाही. ती परंपरा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडलं ते उभं राहायला तिथीच्या पुराव्याची गरज नाही. त्याला लाखो माणसं साक्षीदार होती. एवढं सांगायला घाबरायचं कशाला?

नव्व्याण्णव भावांची गोष्ट घ्या. सिंहली ग्रंथ म्हणतात, अशोकानं नव्व्याण्णव भाऊ मारून गादी घेतली. पाचव्या शिलालेखात तो भावांच्या आणि बहिणींच्या घरांचा उल्लेख करतो. झालं, काही विद्वानांनी लिहून टाकलं, भाऊ जिवंत होते, कथा खोटी. अरे पण घर असतं म्हणून घरधनी असतो का? भाऊ मेला तरी भावजय आणि पोरं असतातच. या लेखावरून कथा खरीही ठरत नाही, खोटीही ठरत नाही. नव्व्याण्णव हा आकडा तर सांगतोच, की सांगणाऱ्याला काहीतरी वाढवायचंय. राजा जितका चंड, तितका त्याला वळवणारा धम्म मोठा. भिक्खूंनी भक्तीनं राजाला काळा रंगवला, आपण भक्तीनं गोरा रंगवतो. तेच अशोकावदान सांगतं, की अशोकानं अठरा हजार आजीविक मारवले. आणि बिहारात बराबरच्या डोंगरात लेख आहेत, की याच राजानं आजीविकांना लेणी दान दिली. माझा विश्वास डोंगरावर जास्त आहे. पण त्या लेण्यांतलं 'आजीविक' हे नाव नंतर कुणीतरी छिन्नीनं उडवायचा प्रयत्न केलेला दिसतो. पुरावा नुसता काळानं झिजत नाही, तो हातानं झिजवला जातो. आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

आता प्रस्थापितांकडं वळू. डी. आर. भांडारकरांचं इंग्रजी पुस्तक १९२५ चं. विद्वत्ता मोठी, शिलालेख त्यांना तोंडपाठ. पण धम्माच्या नादानं देशाचं राजकीय आणि लष्करी नुकसान झालं असा सूर त्यांनी लावला. रायचौधरींचाही सूर तोच. हे दगडावर कुठं आहे? अशोकानं सैन्य मोडलं असं एकही अक्षर नाही. कलिंग त्यानं परत दिलं नाही. फाशी बंद केली नाही. चौथ्या स्तंभलेखात मरणाची शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली आहे, बस. रोमिला थापर यांनी १९६१ च्या पुस्तकात हे मुद्दे मांडून ती समजूत खोडली. इंग्रजांच्या राज्यात ज्यांना लढवय्या राष्ट्राची भूक होती, त्यांनी ती अशोकाच्या पोकळीत भरली. आपल्याला दयाळू राजाची भूक आहे. पोकळी तीच.

बाबासाहेबांनी या पोकळीबद्दल लिहून ठेवलंय. अस्पृश्य मूळचे कोण, या १९४८ च्या ग्रंथाची प्रस्तावना कार्यकर्त्यानं मिटिंगला जायच्या आधी वाचावी. साखळीच्या कड्या हरवलेल्या असताना इतिहासकारानं काय करायचं, हात बांधून बसायचं का, असा तिथला सवाल आहे. बाबासाहेब म्हणतात, कल्पना वापरायची, अंदाज बांधायचा, पण तो अंदाज आहे हे सांगून, आणि पुरावा आला की तपासायला तयार राहून. स्वतःच्या सिद्धान्ताबद्दलही त्यांनी अंतिम सत्याचा दावा केला नाही. अशोकाला आपण हाच न्याय का लावू नये?

मला सगळ्यात जास्त अडवतो तो नववा लेख. लोक आजारात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, बायका तर फारच, ते सगळं फुकट, खरा विधी धम्माचा, असं राजा सांगतो. (बायकांवरचा हा टोमणाही राजाच्या तोंडचाच आहे, तोही झाकू नका.) आणि धम्माच्या विधीत पहिली गोष्ट कोणती? दास आणि भतक यांच्याशी नीट वागणं. दास म्हंजे गुलाम. भतक म्हंजे मजुरीवर राबणारा. म्हंजे मी. बावीसशे वर्षांपूर्वी एका सम्राटानं माझं नाव दगडावर घेतलंय, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. मग रात्रपाळीला विचार करत बसलो. नीट वागा म्हणाला. सोडून द्या म्हणाला नाही. मेगास्थेनिस लिहून गेला, की भारतात गुलाम नाहीत. अशोकाचा दगडच सांगतो, की होते. इथं नोटिशीनं पाहुण्याला खोटं पाडलं.

आणि आपले वक्ते म्हणतात, अशोकाच्या राज्यात जात नव्हती, कारण शिलालेखांत चार वर्णांची यादी नाही. खरंय, यादी नाही. ब्राह्मण आहेत, श्रमण आहेत, दास-भतक आहेत. पण आमच्या गिरणीच्या बोर्डावरही जात लिहिलेली नाही. पाण्याच्या टाकीजवळ या, मग दाखवतो. नोटिशीत नसलेली गोष्ट गावात नव्हती असं धरायचं असेल, तर आपल्या आज्याचा सगळा जन्म खोटा ठरेल. त्याचं कुठं काय लिहून ठेवलंय?

या सगळ्या दगडांवर राबणाऱ्यांपैकी एकाचं नाव उरलंय. चपड. कर्नाटकात ब्रह्मगिरी आणि त्याच्या आसपासच्या लेखांखाली त्यानं 'चपडानं लिहिलं' असं म्हणून ठेवलं, आणि त्यातलं शेवटचं अक्षरकाम खरोष्ठीत, वायव्येकडच्या लिपीत केलं. तिकडचा माणूस असेल, किंवा तिकडं शिकलेला. यापलीकडं त्याचं काही माहीत नाही. चौदाव्या लेखात राजा म्हणतो, की काही ठिकाणी मजकूर अपुरा असेल, जागेमुळं किंवा लिहिणाऱ्याच्या चुकीमुळं. सूत खराब निघालं की कुणाला बोलावतात ते मला विचारा.

आणि ते खांब. चुनारच्या दगडाचे, चाळीस-पन्नास फूट उंच, काहींचं वजन पन्नास टनांच्या घरात. ते शेकडो मैल कुणी ओढले? अशोकाच्या एकाही लेखात नाही. फिरोजशहानं एक खांब हलवला तेव्हाचा हिशोब मात्र अफीफनं दिलाय : बेचाळीस चाकांचा गाडा, आणि एकेका चाकाच्या दोराला दोनशे माणसं. गुणून बघा, ८४०० होतात. हा त्या दुसऱ्या वेळचा आकडा. पहिल्या वेळचा हिशोब कुणी ठेवला नाही.

मुंबईजवळ सोपाऱ्याला अशोकाच्या लेखांचे दोन तुकडे सापडलेत. पहिला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना, आठव्या लेखाचा, त्या बोधगयेच्या यात्रेचा. दुसरा १९५६ साली, हो, त्याच साली, नवव्या लेखाचा, दास-भतकांचा. बाकीचे बारा लेख तिथं होते की काय, फुटून कुणाच्या पायरीला गेले की समुद्राला, पत्ता नाही. या तुकड्यांतल्या तुटलेल्या ओळी गिरनारच्या आणि कालसीच्या प्रतींवरून भरून वाचतात. ते भरणं मला मान्य आहे, कारण दुसरी प्रत समोर आहे. अशोकाच्या आयुष्याची दुसरी प्रत नाही.

मागच्या सुट्टीत नालासोपाऱ्याचा स्तूप बघून आलो. पुढच्या बैठकीला तेराव्या आणि नवव्या लेखाचं मराठी भाषांतर सायक्लोस्टाईल करून आणतोय, तीस प्रती. त्या वक्त्यांनाही निरोप द्या, आणि मागून ओरडला त्यालाही. एक प्रत त्याच्यासाठी बाजूला ठेवतो.